पळसाची पानं, माझं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ऑफिसात तर नाहीच – तिथे मी आज जे काही आहे, ते याच गोष्टीमुळे आहे.

मी कर्जतला भिसेगावात राहते. साजगावच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे क्वालिटीचं काम बघते. लागले तेव्हा माझं काम म्हणजे हातात पट्टी घेऊन खोकी मोजणं. मग कंपनीने मोबाइलवर स्वतःचं एक नेटवर्क काढलं, ‘कट्टा’ नावाचं. कुणाला काही सुचलं, कुणी काही नवं शिकलं, की तिथे टाकायचं. बाकीचे लाइक करणार, पुण्याचे साहेब वाचणार. त्याने बरंच काही बदललं. पूर्वी माणूस किती तास उभा राहिला ते बघायचे; आता त्याला काय सुचतं ते बघायला लागले. मला ते आवडलं होतं. अजूनही आवडतं – हेही लपवत नाही.

फक्त कट्ट्यावर यायला कंपनीचा ईमेल लागायचा. कंत्राटी बायकांना तो नव्हता.

त्या बायकांत सोमीबाई होती. पन्नाशीची, डोंगराखालच्या वाडीवरून टमटमने यायची. मला मॅडम म्हणायची, पण बोलायची मात्र अरे-तुरेत. ती धरून सहाजणी दिवसभर वाकलेले पुठ्ठे निवडून बाजूला काढायच्या. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, कडेने उचलला जातो आणि मशीनमध्ये अडकतो. असे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत जायचे.

एका दुपारी ती मला म्हणाली, “मॅडम, हे उलटसुलट लाव ना गं. एक पालथा, एक उताणा. आमी पळसाची पानं अशीच लावतो. वर दगड ठेवला का दोन दिसात सपाट.”

लहानपणी ती आईबरोबर पत्रावळी करून बाजारात विकायची. मी म्हटलं, थांबा, हे रेकॉर्ड करते, तुमच्या नावाने कट्ट्यावर टाकते. ती लाजली. मग पदर सारखा केला आणि फोनसमोर सगळं पुन्हा सांगितलं – आधी स्वतःचं नाव, मग वाडीचं नाव, मग पानं.

आम्ही दोघींनी एक थप्पी तशी लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे सरळ झाले होते.

मी पोस्ट लिहायला बसले. फोटो टाकले, आकृती काढली, सोमीबाईचं नाव लिहिलं. कट्ट्यावर माणसाचं नाव लिहिलं की ते निळं होतं. तिचं काळंच राहिलं – ती तिथे नव्हती ना. मी ते खोडलं. नीट दिसत नव्हतं म्हणून खोडलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण तसं होतं का? नाही. त्या नावाशिवाय ती पोस्ट माझी दिसत होती, आणि ती मला तशी आवडली.

लाइक येत राहिले. पुण्याहून शाबासकी आली. चार-पाच दिवसांनी सोमीबाईने विचारलं, “माझं बोलणं गेलं का गं तिथं?”

तेव्हाही वेळ गेली नव्हती. एक नाव घालायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हटलं, “गेलं, सोमीबाई. पण साहेबांना पटलं नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि कामाला लागली. त्याच दुपारी मी तिचा आवाज फोनमधून पुसून टाकला.

पंधरा दिवसांत पुण्याहून हुकूम आला – सगळ्या थप्प्या उलटसुलट लावायच्या. पाठोपाठ व्हिडिओ काढायला एक मुलगी आली. तिने विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं? मी म्हटलं, माझी आजी पळसाच्या पत्रावळी लावायची, त्यावरून. इतकं सहज बोलले मी. माझी आजी ठाण्याला शाळेत गणित शिकवायची. तिच्या हातात पळसाचं पान मी कधी पाहिलेलं नाही. युक्ती घेतली तेवढ्याने भागलं नव्हतं का? बाईचं लहानपणही घ्यायचं?

तो व्हिडिओ कॅन्टीनच्या टीव्हीवर लावला. सोमीबाई डबा उघडून समोरच बसली होती. तिने शेवटपर्यंत पाहिला. हात धुताना माझ्याजवळ आली.

“तुजी आजी कुठल्या वाडीवरची गं?”

मी म्हटलं, “पेणच्या बाजूची.”

“तरीच. माझं नाय पटलं त्यांना, तुजं तरी पटलं. बरं झालं.”

टोमणा होता का तो? मी तिचा चेहरा नीट पाहिला. तसं काही दिसलं नाही. दिसलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. पुठ्ठे वाकेनासे झाले, तर निवडायला सहा बायका कशाला? मॅनेजरनी मला बोलावून विचारलं – आता मीच त्यातली जाणकार होते. किती पुरतील? ही युक्ती सोमीबाईची आहे, हे एक वाक्य माझ्या तोंडाशी होतं. ते बोलले असते तर तिला नक्की ठेवलं असतं. मी म्हटलं, दोन पुरतील. वयाने मोठ्या चौघींना काढलं. त्यांत ती होती. त्या यादीवर माझी सही आहे.

मला बढती मिळाली. आता नव्या मुलांना मी शिकवते – आपल्याला माहीत असलेलं दुसऱ्याला कसं द्यायचं ते.

गेल्या उन्हाळ्यात पनवेलला जाताना आम्ही चौकला एका ढाब्यावर जेवायला थांबलो. आत चुलीपाशी सोमीबाई भाकऱ्या थापत होती. तिनेच मला ओळखलं. पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, “तुजी बायको लय हुशार हाय हां.” तो खूश झाला. तिने माझ्या ताटात एक भाकरी जास्तीची वाढली. मी ती खाल्ली.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, कोण गं ती?

मी म्हटलं, पूर्वी आमच्याकडे होती. पुठ्ठे निवडायला.