खिळ्यावरची माळ

सिस्टर सबीना गेल्या. वसईहून त्यांच्यासोबत राहणाऱ्या एका सिस्टरचा महिन्याभरापूर्वी फोन आला. मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांच्याविषयी लिहा, असं मला याआधीही दोघातिघांनी सुचवलं होतं. दरवेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. डोळे बरे आहेत. सिस्टरांवर लिहायचं तर एका सभेबद्दलही लिहावं लागणार, म्हणून इतकी वर्षं टाळत आलो.

वावर-वांगणीच्या कुपोषणातल्या बालमृत्यूंनंतर आमच्या जव्हार-मोखाड्यात जीपगाड्यांची रीघ लागली होती. दुधाच्या पावडरीचे डबे, फोटो, भाषणं... रस्ते चिखलात गेले तशी ती वर्दळही आटली. सिस्टर त्यानंतर आल्या, आणि राहिल्या. चर्चच्या कुटुंबकल्याण केंद्राचं काम घेऊन त्या खोडाळ्याच्या पुढे, आमच्या पाड्यापर्यंत चालत यायच्या. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळेच्या पडवीत त्यांची बैठक भरायची. बाळाला नागलीची पेज कशी भरवावी, बाळंतिणीनं काय खावं, असं बोलत बोलत त्या दोन मुलांमधल्या अंतरावर यायच्या. गोळ्या, शस्त्रक्रिया त्यांच्या धर्माला मान्य नव्हत्या, त्यांचा सगळा भर दिवस ओळखण्यावर. त्यासाठी खोडाळ्याच्या बाजारातून रंगीत मणी आणून त्या बायांकडून माळा ओवून घ्यायच्या. लाल मणी पाळीचे, पांढरे मूल राहू शकतं त्या दिवसांचे, बाकीचे हिरवे. माळेला दोऱ्याची एक सैल गाठ, ती रोज सकाळी एक मणी पुढे सरकवायची. आणि ती नवऱ्यानंच सरकवायची, यावर त्या अडून बसायच्या.

"शिस्टर, माना बोटां जाड, गाठ सरकंत नाय," लखमा म्हणायचा.

"ताडीचा लोटा धराय बरी चालतात बोटां!" त्याची बायको जानी मागून सुनवायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं सिस्टरच हसायच्या.

एक माळ आमच्याही घरी आली. माझी पत्नी सुमन हिनंच ती मागून घेतली. शाळेला निघण्याआधी दार लोटून मी गाठ सरकवायचो. माझं घराणं जव्हारचं, शेतकरी, जुन्या वळणाचं. असल्या गोष्टीत पुरुषानं हात घालणं म्हणजे... मला लाज वाटायची. हे कुणाला कळू देऊ नका, असं मी सिस्टरांना बजावलं होतं. "गुरुजी, कुठल्याही नवरा-बायकोची गोष्ट मी दुसऱ्या दारात नेत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या.

दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जायचा. तिथल्या खोपीत माळ ठेवायची कुठे? पोरं मणी तोडतात. म्हणून बायांनी त्या गळ्यात घातल्या. घोळ झाला तो इथे. आमच्याकडे माळ घालणं म्हणजे पंथ घेणं. माळ घातलेला माणूस ताडी सोडतो, मासळी सोडतो, त्याचं उठणं-बसणं बदलतं. सिस्टरांच्या कमरेलाही जपमाळ असायची. पाडा भट्टीवरून परतला तेव्हा बायांच्या गळ्यांत माळा दिसल्या, आणि बोलणं सुरू झालं की सिस्टर बायांना आपल्या धर्मात ओढतायत.

शाळेसमोर सभा बसली. पाड्याचे कारभारी रावजीबाबा तसे रागीट नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. "बाय, आमच्या सुनांचे गळ्यात तुमची माळ. उद्या आमच्या वाघोबाला कोन पुजील?"

सिस्टरांनी शांतपणे सगळं समजावलं. कुणाला पटेना. मग लखमा उठला. "देव नाय त्याच्यात, बाबा. गाठ मीच सरकवतंय रोज."

"बायलीचा गडी!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभा खदखदून हसली. लखमा खाली बसला. रावजीबाबा माझ्याकडे वळले.

"गुरुजी, तुमी शिकलेले. तुमी सांगा, कसली माळ ही?"

ते हसणं अजून कानात होतं. मी म्हणालो, "मला त्यातलं काही माहीत नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. 'गुरुजींच्या घरीही अशीच माळ आहे,' एवढं त्या म्हणाल्या असत्या तर सभा तिथेच मिटली असती. मी त्यांचा धर्म घेतलेला नाही, हे पाड्याला ठाऊक होतं. त्यांनी छत्री उचलली, रावजीबाबांना नमस्कार केला आणि खोडाळ्याच्या वाटेला लागल्या.

बायांनी माळा उतरवून शाळेच्या पायरीवर आणून टाकल्या. बैठक बंद पडली, पेजेचं आणि बाळंतिणींचं बोलणंही बंद पडलं. जानी पुढच्या वर्षी भट्टीवरून परतली ती पोटुशी. आधीचं मूल अजून अंगावर पीत होतं. बाळंतपणातून ती उठली, नवं बाळ मात्र राहिलं नाही. त्याचा दोष माझ्याकडे किती येतो, ते मला आजही ठरवता येत नाही. येतच नाही, असं मात्र कधी वाटलं नाही.

सिस्टर पलीकडच्या पाड्यांवर काम करत राहिल्या. बाजारात भेटल्या की आधी सुमनची चौकशी करायच्या. त्या सभेचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी काढायला हवा होता.

गेल्या वर्षी त्यांना भेटायला मुद्दाम वसईला गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत गेलो होतो. त्या खुर्चीत बसल्या होत्या, अंगानं निम्म्या झालेल्या. मी नेलेली नागलीच्या पिठाची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, वास घेतला.

"काय गुरुजी, गाठ कोण सरकवतं हल्ली?"

"आता कसली गाठ, सिस्टर! दात पडले माझे."

त्या खोकला येईपर्यंत हसल्या. मीही हसलो. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली, आणि मी "येतो" म्हणून उठलो...

माळ अजून आमच्या आरशाशेजारच्या खिळ्यावर आहे. फोन आला त्या दिवशी सुमननं ती काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मण्यांचे रंग विटलेत, गाठ दोऱ्याला घट्ट बसली आहे. वसईच्या बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं पहिलंच वाक्य मी तेव्हा तिच्यासमोर मोठ्यानं म्हटलं. सिस्टर, ती माळ कसली, हे मला माहीत होतं.