उणे वीसच्या खोलीतली गाडी

कोल्ड स्टोरेजमध्ये किस्से साठत जातात. माल बाहेर जातो, किस्से आतच राहतात. आमचं स्टोरेज इंदापूरच्या अलीकडं. मशीनवर मी, दारावर हमाल नामदेव. दोघंही म्हातारे. यंदा माल आला नाही. उणे वीस अंशांची खोली ओस पडली. मालकानं ती बारामतीच्या एका कॉलेजच्या पोरांना दिली. चंद्रावर चालेल अशी गाडी त्यांना गारठवून बघायची होती.

*

सहा चाकांची गाडी उतरली. अंगभर सोनेरी कागद.

नामदेव म्हणाला, "आबा, नवरी हाय का काय?"

पोरांची पुढारी वैशाली, बावड्याची. ती म्हणाली, "तात्या, ऊब आत राहावी म्हणून गुंडाळलंय."

"मग गोधडी काय वाईट?"

मी त्याला गप्प बसवलं.

*

कॉम्प्युटरवर त्यांनी गाडी आधीच गारठवली होती. पडद्यावर चाकं निळी, पोटातली बॅटरी लाल. त्यांचे सर म्हणाले, "मॉडेलप्रमाणं बॅटरी गोठत नाही."

"मग हितं कशाला आलाय?" मी विचारलं.

वैशाली म्हणाली, "मॉडेलला थंडी वाजत न्हाय, आबा."

गाडी रात्रभर आत ठेवली. पहिल्याच खेपेला बॅटरी बंद पडली.

*

पोरांनी आतला हीटर हलवला, वायरी पुन्हा चिकटवल्या. ही खेप निभावली तरच गाडी कॉलेजांच्या चांद्रगाड्यांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला जाणार होती. वैशालीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष.

सकाळी आकडे बघितले. बॅटरी उबदार. मॉडेलशी बरोबर जुळलं. सरांनी पेढे मागवले.

नामदेव पेढा खात म्हणाला, "पोतं टाकलं ते बरं झालं म्हणायचं."

"कसलं पोतं?"

"माजं. आत जाताना खांद्यावर घेतो ते. दार लावताना गाडीवर टाकलं, सकाळी काढलं. उघडीच हुती बिचारी. मला बघवंना."

नामदेवची छाती याच गारठ्यानं धरलेली आहे. कोणी त्याला रागावलं नाही. वैशालीच्या हातातला पेढा हातातच राहिला.

*

सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आकडे जुळलेत. कोणाला कळणार आहे?"

ती म्हणाली, "सर, चंद्रावर नामदेवतात्या नसतील."

पुन्हा गाडी आत ठेवली. या वेळी दार तिनं स्वतः लावलं. नामदेव पोतं काखेत धरून लांब उभा राहिला.

सकाळी बॅटरी मेलेली होती. सरांनी स्पर्धेवाल्यांना तसंच कळवलं. फेरी गेली.

*

टेम्पो आला. गाडी आता कॉलेजच्या अडगळीत जाणार होती. बाहेर बोचरा वारा. पोरं वायरी गुंडाळत होती. वैशालीनं नामदेवकडं तेच पोतं मागितलं, गाडीवर टाकलं आणि चारी बाजूंनी खोचलं.

नामदेव खोकत म्हणाला, "तवा नको हुतं. आता कशाला?"

"आता परीक्षा न्हाय, तात्या."