बाबांना पुरेल तेवढा दिवाण

आज बाबांना घेऊन महाल भागातल्या बाजारात दिवाण बघायला गेले होते. आईचा सागवानी दिवाण तेरवीला रीतीप्रमाणे दान दिला. तेव्हापासून आमचा हॉल ओकाबोका दिसतो.

दुकानात जुने कोरीव पायांचे दिवाण होते, तसेच आत सामान ठेवायची सोय असलेले नवे, गुबगुबीतही. बाबा प्रत्येकावर बसून पाहत होते, पण पायथ्याशी, अगदी कडेला.

दुकानदार म्हणाला, "काकाजी, मधात बसा ना आरामात. काहून काठावर बसून राहिले?"

मीही वैतागले. "बाबा, जरा लंबे होऊन पाहा ना. आता तुम्हालेच वापरायचा आहे."

"मले इतकीच जागा लागते वं," बाबा म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजारपणात आई दिवसभर दिवाणावर पडून असायची. बाबा तिच्या पायाशी, एवढ्याच जागेत बसून तिला पेपर वाचून दाखवायचे.

शेवटी एक जुनाच घेतला. घरी आल्यावर मी त्यावर गादी घातली, लोड लावला. बाबा पेपर घेऊन आले आणि काठावर बसले. पहिली बातमी मोठ्यानं वाचायला लागले, आणि मधेच थांबले.

तुमच्याकडेही कुणी असं, गेलेल्या माणसाची जागा सोडून बसतं का?