नुसता कीपर

देवमन गावंडे आमच्या अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मी तिथेच मराठी शिकवतो, त्यामुळे त्याला वीस वर्षं ओळखतो. तो मूळचा बार्शीटाकळी तालुक्यातला. घरची शेती दोघे भाऊ पाहतात. हा शिकायला म्हणून अकोल्याला आला आणि तिथल्या एका क्लबात विकेटकीपर झाला. उंची बेताची, बोटं लांब, गुडघे मजबूत. त्या काळात त्याच्यासोबत खेळलेली माणसं अजून सांगतात की फिरकी गोलंदाज असला की देवमन स्टंपांना चिकटून बसायचा आणि त्याच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू गेल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

बॅटिंग मात्र त्याला येत नव्हती. तीन हंगाम तो अकराव्या नंबरावर खेळायला आला आणि त्याची सरासरी चारच्या पुढे कधी गेली नाही.

२००३च्या हिवाळ्यात अकोला जिल्ह्याचा संघ निवडला गेला. यादीत कीपर म्हणून मनोज नावाच्या सलामीच्या फलंदाजाचं नाव होतं. मनोजने तोवर जेमतेम दहा सामन्यांत ग्लोव्हज घातले होते. देवमन निवड समितीतल्या एका गृहस्थांना घरी जाऊन भेटला. स्वभावाने ते भले होते. त्यांनी त्याला चहा दिला, जिल्ह्यात त्याच्यासारखा कीपर नाही हेही मान्य केलं. मग म्हणाले, ‘पण तिकडे ऑस्ट्रेलियाचा कीपर गिलख्रिस्ट सातव्या नंबरावर येऊन शतकं मारून राहिला. आता नुसता कीपर कोणाले परवडते?’

देवमन तो सामना बघायला गेला. मनोजने दोन झेल सोडले, एक सोपं स्टंपिंग घालवलं आणि अठ्ठ्याऐंशी धावा केल्या. संघ जिंकला. देवमन सांगतो की त्याला राग वगैरे आला नव्हता. या गणितात कुठेतरी चूक आहे आणि ती कोणी शोधत नाही, एवढंच त्याला वाटलं.

पुढच्या वर्षी त्याला आमच्या कॉलेजात नोकरी लागली. रुक्मिणीनगरात कमलाकांत असनारे वकिलांच्या घरामागे दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. लग्न झाल्यावर ललिताही तिथेच आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वकीलसाहेब क्रिकेटचे वेडे. सामना असला की ते मागचं दार उघडं ठेवायचे, म्हणजे देवमनने यावं. कुंदाकाकू दोघांपुढे पोह्यांच्या बशा ठेवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

देवमन वही घेऊन बसायचा. डाव्या पानावर कीपरचे ग्लोव्हज, उजव्या पानावर त्याची बॅट. डावीकडे किती संधी आल्या, किती घेतल्या, हातून निसटलेल्या चेंडूंवर बाइजच्या धावा किती गेल्या. झेल सुटला तर तो फलंदाज पुढे किती धावा करतो ते लाल शाईने. उजवीकडे त्या कीपरने स्वतः काढलेल्या धावा. प्रयोगशाळेत रीडिंग घेतात तसं, दर सामन्याला. त्याला सिद्ध करायचं होतं की डावं पान जड भरतं.

वकीलसाहेबांचा लाडका श्रीलंकेचा संगकारा. डावखुऱ्या फलंदाजाचा असा कव्हर ड्राइव्ह पुन्हा होणे नाही, असं ते म्हणायचे. देवमन त्यांना वहीतून दाखवायचा की ग्लोव्हज घालून खेळलेल्या कसोटीत संगकाराची सरासरी चाळिशीची आणि ग्लोव्हज उतरवल्यावर साठीच्याही बरीच पुढे. दिवसभर उठबस केलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी बॅटिंगला उरत नाहीत, हे त्याचं म्हणणं. वकीलसाहेब म्हणायचे, मग गिलख्रिस्टचे पाय कुठून आणले होते? तो तर ग्लोव्हज घालूनच सत्तेचाळीसच्या सरासरीने खेळला. यावर देवमन वहीचं पान उलटायचा. धोनीबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. चेंडू घेताना हात मागे न नेता सरळ स्टंपांवर आणायची त्याची पद्धत कुठल्याच पुस्तकात बसत नव्हती आणि फलंदाज तर बाद होत होते. देवमनने ती आरशासमोर करून पाहिली होती. आपल्याला जमत नाही हे त्याने कबूल केलं. मनातून त्याचा माणूस होता ऋद्धिमान साहा. पण साहाचं उजवं पान दर वेळी अर्धं रिकामं राहायचं.

वकीलसाहेबांची नात चारुता हे सगळं ऐकत मोठी झाली. नऊ वर्षांची असताना तिने देवमनकडे ग्लोव्हज मागितले. त्याने तिला मागच्या अंगणात टेनिसच्या चेंडूवर शिकवायला सुरुवात केली. चेंडू टप्पा पडून उठेपर्यंत उठायचं नाही, डोकं हलवायचं नाही, चेंडूवर झडप घालायची नाही, त्याला येऊ द्यायचं. सात वर्षं तो तिला शिकवत होता. पंधराव्या वर्षी ती त्याच्याइतकीच बिनआवाज चेंडू घेऊ लागली.

२०२१च्या जानेवारीत सिडनीची कसोटी झाली. आपला कीपर पंत, त्याने पहिल्या डावात ऑस्ट्रेलियाच्या पुकोव्हस्कीचा झेल दोनदा सोडला. पहिल्यांदा तो सव्वीसवर होता, बाद झाला बासष्टवर. देवमनने लाल शाईने छत्तीस लिहिले. मग बॅटिंग करताना पंतच्या कोपराला चेंडू लागला. दुसऱ्या डावात त्याच्याऐवजी साहा ग्लोव्हज घालून उतरला आणि लेगकडे झेपावून त्याने एक सुरेख झेल घेतला. देवमन उभा राहिला होता, असं कुंदाकाकू सांगतात. शेवटच्या दिवशी दुखऱ्या कोपराने पंत खेळायला आला आणि सत्त्याण्णव करून गेला. सामना वाचला.

त्या आठवड्यात देवमनने अकराच्या अकरा वह्या काढल्या आणि सोळा वर्षांची बेरीज मांडली. उत्तम कीपर आणि बरा कीपर यांच्यातला फरक त्याच्या मोजणीने सामन्याला नऊ धावांचा निघाला. बॅटने काढलेल्या धावांत फलंदाज-कीपर आणि नुसता कीपर यांच्यातला फरक एकवीसचा. त्याने बेरीज पुन्हा केली, मग मला करायला दिली. माझीही तीच आली. ‘म्हंजे थे बरोबर होते,’ एवढंच तो बोलला. कोण, ते विचारावं लागलं नाही; चहा देणारे ते गृहस्थ.

दोन वर्षांनी अमरावती जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या निवड समितीवर त्याला घेतलं. समिती तिघांची. कीपरच्या एका जागेसाठी दोघी उरल्या. एक चारुता. दुसरी अचलपूरजवळच्या खेड्यातली प्रणाली. तिचे वडील चंद्रभान तिला दर रविवारी एसटीने घेऊन यायचे आणि चाचणी संपेपर्यंत लिंबाखाली बसून राहायचे. प्रणालीचे हात कडक होते, चेंडू ग्लोव्हजवर आपटून बाहेर यायचा. पण ती बॅट घेऊन उभी राहिली की गोलंदाज मागे सरकायचे. चाचणीच्या तीन सामन्यांत तिच्या एकशे सव्वीस धावा झाल्या, चारुताच्या एकोणीस.

उरलेल्या दोघांचं मत एकेकीला गेलं. देवमनने सांगितलं की चारुता त्याचीच शिष्या आहे, तेव्हा त्याने मत देणं ठीक नाही. ते दोघे म्हणाले, कीपिंग कळणारा समितीत तू एकटा आहेस, तूच सांग. त्याने प्रणालीचं नाव सांगितलं.

तिथून तो थेट वकीलसाहेबांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, निदान दिसले तरी नाहीत. ‘निकाल दिलास ते ठीक,’ ते म्हणाले. ‘पण निकालाला कारणं द्यावी लागतात, देवमन. तिला समोर बसवून सांग.’

चारुता अंगणात आली. देवमनने तिला वह्या दाखवल्या, नऊ आणि एकवीस दाखवले, तिच्या आणि प्रणालीच्या धावा दाखवल्या. तिने सगळं नीट वाचलं. मग विचारलं, ‘काका, हे तुम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं?’

‘हो.’

‘मग मला बॅटिंग शिक असं का नाही सांगितलंत?’

देवमनने सांगितलं की त्याला स्वतःलाच येत नाही, तो काय शिकवणार.

‘तुम्ही का नाही शिकलात?’

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. मनोजची निवड झाली तेव्हा नाही, ललितानेही नाही. त्याचं उत्तर चारुताने मला नंतर सांगितलं.

‘मले भेव वाटे,’ तो म्हणाला. ‘सोळा वर्साचा होतो, तवा बॅटिंग करताना जबड्यावर चेंडू लागला. तवापासून बॅट हातात घेतली का पाय आपोआप मांगं जायचे. ग्लोव्हज घातले का भेव नाई. काहून, मले माहीत नाई. कोणालेच सांगतलं नाई मी. गणितात चूक हाय म्हणत बसलो.’

 चारुताने वह्या एकावर एक ठेवल्या आणि ती आत गेली.

पुढचे दोन महिने तो त्या घरी सामना बघायला गेला नाही. त्या वर्षीचा विश्वचषक त्याने ललितासोबत आपल्या खोलीत पाहिला. राहुल कीपिंग करत होता, तोही मुळातला फलंदाज. देवमनने काही लिहिलं नाही. ललिताने वही कुठे आहे असं विचारलं, तर म्हणाला, नुसतं पाहू दे.

प्रणाली तिकडे अकोल्याला पाच सामने खेळली. एका सामन्यात तिने तीन झेल सोडले आणि तो सामना आपण हरलो. दुसऱ्या एकात तिने एकाहत्तर केल्या आणि तो जिंकला. उपांत्य फेरीत संघ बाद झाला. निवड बरोबर होती की चूक, यातून काहीच ठरलं नाही आणि देवमनने ते ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

दिवाळीनंतर चारुता नवी बॅट घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. आपल्याला येत नाही हे त्याने पुन्हा सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तो तिला दीपमालाकडे घेऊन गेला. दीपमाला पूर्वी विद्यापीठाच्या संघात फलंदाज होती आणि आता मुलींना शिकवते. तिने अट घातली की चेंडू टाकायला रोज कोणीतरी लागेल. देवमन कॉलेज सुटल्यावर रोज जाऊन चेंडू टाकू लागला. दीपमालाने सांगितलेलं तो जवळ उभा राहून ऐकायचा. एकदा तिने त्यालाही बॅट घ्यायला लावली. तो सहा चेंडू खेळला. तिसऱ्यापासून मागचा पाय जागेवर राहिला. सातवा नको म्हणाला.

गेल्या वर्षी चारुता आणि प्रणाली एकाच संघात होत्या. प्रणालीने स्वतःच सांगितलं होतं, ‘मले ग्लोव्हज नाई पायजे, बॅटिंग खराब होते.’ ती तिसऱ्या नंबरावर खेळायची आणि कव्हरला उभी राहायची. चारुता कीपर, सातव्या नंबरावर. अकोल्याच्या सामन्याला मीही देवमनसोबत गेलो होतो. चारुताने चौतीस धावा केल्या. मग डाव्या हाताच्या फिरकीवर तिचं एक स्टंपिंग चुकलं. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडून ते चुकलं नसतं, हे मलासुद्धा कळलं. देवमनने फक्त मान खाली घातली.

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत आम्ही सगळे एकाच डब्यात होतो. तिनेच विषय काढला. बॅटिंगचा सराव वाढल्यापासून ग्लोव्हजला वेळ कमी पडतो, हात थोडे कडक झालेत, ती म्हणाली. देवमनने होकार दिला. दोन्ही पूर्ण नाही मिळत, असं काहीतरी तो पुटपुटला. ती म्हणाली, ‘चालेल मला,’ आणि प्रणालीच्या डब्यातला चिवडा खायला पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

निवड समितीतून त्याने यंदा नाव काढून घेतलं. रविवारी सकाळी तो आमच्या कॉलेजच्या मैदानावर मुलींना कीपिंग शिकवतो. आठ-नऊ जणी येतात. नवीन मुलगी आली की आधी विचारतो, बॅट आणली का. आणली नसेल तर तिला आधी दीपमालाकडे पाठवतो.