पहिलं बरं, की दुसरं?

सदर इसम, वय वर्षे पन्नास, बांधा मध्यम, वर्ण मध्यम, मते मध्यम. व्यवसाय: चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणे. पद: धाकटा भाऊ. ओळखीची खूण: काळ्या जाड काड्यांचा चष्मा. कामाची जागा: दुकानामागील खोली, लांबी वीस फूट (आरसा धरून). सदर इसमाविरुद्ध आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. सदर इसमानेही कोणाविरुद्ध केलेली नाही.

त्यांना सगळे धाकटे म्हणत. दुकानात पुढे बसायचे ते मोठे, मागे बसायचे ते धाकटे. दोघं तरुण असताना गिऱ्हाइकांनी सोयीसाठी पाडलेली ही नावं केस पांढरे झाले तरी तशीच राहिली. पन्नाशीचा माणूस धाकटा कसा, असं कोणाला वाटलं नाही. मोठे जोवर आहेत तोवर धाकट्यांना मोठं होण्याची सोय नव्हती.

आता ते ‘आरसा धरून’ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. अक्षरांचा तक्ता माणसापासून वीस फुटांवर असावा असा या धंद्याचा नियम आहे. खोली दहा फुटांची. म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला, त्यावर अक्षरं उलटी छापलेली आणि समोरच्या भिंतीवर आरसा. नजर आरशापर्यंत दहा फूट जाते, तिथून मागे दहा फूट येते, वीस भरले. खिडकी नाही, कारण उजेड नको. धाकटे शिकून बाहेर पडले तेव्हा मोठे म्हणाले होते, "दोन महिने ही खोली सांभाळ, मग माणूस ठेवू." पुढे माणूस ठेवायची गरज पडली नाही. माणूस बसलेलाच होता.

काम सोपं होतं. खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर तपासणीची जड, गोल चौकट चढवायची, तिच्या खाचेत एक भिंग सरकवायचं, ते काढून दुसरं सरकवायचं आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" माणूस सांगतो, पहिलं. पुन्हा दोन भिंगं. सांगतो, दुसरं. असं करता करता फरक इतका बारीक होतो की माणूस चाचपडतो आणि ओशाळून म्हणतो, "सारखंच दिसतंय हो." बाहेरच्या जगात याला गोंधळ म्हणतात. इथे यालाच नंबर म्हणतात. सारखंच आलं की तपासणी संपली.

उभ्या गावाला हा प्रश्न विचारणाऱ्या धाकट्यांना मात्र तो कधी कोणी विचारला नव्हता. "धाकट्यांना काय, काहीही चालतं," हे त्यांचं घरातलं आणि दुकानातलं प्रमाणपत्र होतं. ते त्यांना न विचारता मिळालं होतं.

अशा माणसाला एका सोमवारी झिपऱ्याचा फोन आला.

झिपऱ्या म्हणजे कॉलेजातला दोस्त. आता त्याच्या डोक्यावर झिपऱ्यांची आठवणही उरली नव्हती, पण नाव टिकून होतं. नव्वदीच्या दशकात या दोघांनी त्याच्या गच्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून दर रविवारी पॉप गाण्यांचे नंबर लावले होते. झिपऱ्या ओरडून लावायचा, धाकटे विचार करून. पुढे दोघांनी गाणी भरून देण्याचं दुकान काढायचं ठरवलं. गिऱ्हाइकाने आवडीची गाणी सांगायची, यांनी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची. झिपऱ्या गल्ल्यावर, धाकटे क्रम लावायला. पण मध्येच ते दोन महिने निघाले. झिपऱ्याने एकट्याने दुकान काढलं, चालवलं, आणि कॅसेटच बुडाल्या तेव्हा कॅसेटींबरोबर इमानाने बुडाला. हल्ली तो दुसऱ्या शहरात पाण्याच्या टाक्या विकत असे.

"टाक्या खड्ड्यात गेल्या!" तो फोनवर ओरडला. "नव्वदीची संध्याकाळ! तीन हॉटेलांनी बोलावलंय. आपल्या वयाचे लोक येतात. गुडघ्याला पट्टा बांधलेला असतो, पण ते गाणं लागलं की उठतात रे! मला क्रम लावणारा माणूस पाहिजे."

"हल्ली क्रम मशीन लावतं ना?"

"मशीनला गुडघे आहेत का? पहिल्या गाण्याला कोणी नाचत नाही, चौथ्याला नाचतात, सातव्याला डोळे पुसायला बाहेर जातात, हे कोण म्हणायचं?"

"मी."

"मग? नव्वदीतली तुझी पहिली दहा गाणी नंबर लावून पाठव. शुक्रवारपर्यंत. मोठा फलक छापायचाय. पाठवलीस तर समजेन की येतोयस. नाही पाठवलीस तरी समजेन." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "खोली बघून ठेवलीये तुम्हा नवरा-बायकोसाठी. वरचा मजला. दोन खिडक्या आहेत."

शुक्रवारच्या दावणीला मात्र दुसरंही एक घोडं बांधलेलं होतं. मोठे शेजारचा गाळा घेत होते, पंधरा वर्षांच्या करारावर. सह्या शुक्रवारीच. "आता तू नुसता धाकटा नाहीस," मोठे म्हणाले होते. "भागीदार! आणि नव्या गाळ्यात तुला सलग वीस फुटांची खोली. आरसा काढून टाकू."

मोठे दुष्ट असते तर काम सोपं होतं. दुष्ट माणसाला सोडून जाता येतं. पण मोठे चांगले होते, आणि ही त्यांच्याबाबतीतली मोठीच अडचण होती. धाकट्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा इस्पितळाच्या बाकावर धाकट्यांपेक्षा जास्त वेळ मोठे बसले होते. अशा माणसाला काय सांगून निघायचं? गाण्यांचे नंबर लावायला चाललोय म्हणून?

धाकट्यांनी मनाशी एक बेत केला. आधी दहा गाणी लावायची. एवढं जमलं, तर दादालाही सांगणं जमेल. ज्याला दोन गाण्यांतलं एक निवडता येत नाही, त्याने गाव सोडायच्या गोष्टी करू नयेत.

बायको बालवाडीत शिकवायची. जेवताना म्हणाली, "दहा गाणी रांगेत लावायला एवढे दिवस? मी चाळीस पोरं दोन मिनिटांत लावते."

"पोरं ढकलाढकली करून आपापली जागा घेतात. गाणी ढकलत नाहीत."

"तुम्हीही ढकलत नाही. म्हणून तर रांगेत मागे."

धाकट्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुला काय वाटतं? जावं, की राहावं?"

"बघा! चढवलंत माझ्याच नाकावर भिंग." तिने पोळी मोडली. "अहो, मी कुठेही पोरं सांभाळीन. पोरं सगळीकडे शेंबडीच असतात. पण या वेळी मी सांगणार नाही. सांगितलं की जन्मभर म्हणाल, हिच्यामुळे गेलो, नाहीतर हिच्यामुळे राहिलो."

"मी असं कधी म्हणालोय?"

"म्हणत नाही हो. नुसते तसे बसता."

मंगळवार, बुधवारात आठ गाणी लागली. दहाव्या नंबरवर लाल कोटवाल्याचं, नवव्यावर चार बहिणींचं, सहाव्यावर ते विनाकारण रडणारं, तिसऱ्यावर विमानतळावरचं. ही नावं अर्थात धाकट्यांनी ठेवलेली होती, गायकांना विचारून नव्हे. पद्धत धंद्यातलीच. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात अंधारात बसायचं, एक गाणं मनात सरकवायचं, काढायचं, दुसरं सरकवायचं. घोडं अडलं ते शेवटच्या दोनांवर.

एक शिट्टीवालं. त्यात एक माणूस दार ओढून घेतो आणि शिट्टी वाजवत रस्त्याने जातो. शब्द थोडेच आहेत. कुठे जातो ते सांगितलेलं नाही. दुसरं फोनवालं. त्यात एक माणूस तीन कडवी टेलिफोनजवळ बसून राहतो, अगदी शेवटी घंटी वाजते आणि गाणं संपतं. गच्चीवर असताना शिट्टीवाल्याला झिपऱ्याने दर रविवारी पहिला नंबर दिला होता. धाकटे दर रविवारी म्हणाले होते, "पुढच्या आठवड्यात सांगतो."

तळ्यात की मळ्यात, तळ्यात की मळ्यात. गुरुवारी दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका खुर्चीत बसल्या होत्या. धाकट्यांनी भिंग सरकवलं, काढलं, दुसरं सरकवलं आणि आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "शिट्टीवालं बरं, की फोनवालं?"

आपण काय बोललो हे धाकट्यांना आरशात बाईंचं तोंड दिसल्यावर कळलं. पण बाईंनी जन्मभर प्रश्न विचारले होते, आणि विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं असं त्यांचं मत होतं.

"शिट्टीवालं बरं," त्या म्हणाल्या. "आमच्या शिक्षक-खोलीत रेडिओ होता. दोन्ही लागायची."

"पण फोनवाल्यात शेवटी घंटी वाजते ना बाई. इतकं थांबल्याचं चीज होतं."

"घंटी वाजते. त्याने फोन उचलला असं कुठे म्हटलंय?"

धाकटे हातात भिंग धरून उभे राहिले. हे गाणं त्यांनी हजारदा ऐकलं असेल, आणि फोन उचलला गेला असं प्रत्येक वेळी धरून चालले होते.

"आता डोळ्यांचं विचारता का?" बाई म्हणाल्या. "की आणखी गाणी आहेत?"

गुरुवारी संध्याकाळी दुकानाबाहेर आलेले धाकटे शिट्टी वाजवत होते. मोठ्यांनी गल्ल्यावरून मान वर केली. "काय रे, दात दुखतोय का?"

शुक्रवार उजाडला. ‘एक: शिट्टीवालं, दोन: फोनवालं’ असं फोनवर लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं होतं. आधी दादाला सांगू, मग पाठवू, असं धाकट्यांनी ठरवलं. हा क्रम चुकला. एवढा क्रमातला जाणकार माणूस, पण चुकला.

कारण ते पुढे आले तेव्हा मोठ्यांनी कागद काचेच्या कपाटावर मांडलेलेच होते. "ये. तुझं नाव आधी घातलंय बघ. एक नंबरला तू, दोन नंबरला मी." मोठे हसत होते. "म्हटलं, जन्मभर मागे बसवलं याला, कागदावर तरी पुढे बसू दे. कर सही."

धाकट्यांनी कागद हातात घेतला. ओळी मुंग्यांसारख्या दिसत होत्या. त्यांनी कागद लांब धरला, आणखी लांब धरला. हात संपला.

"दिसत नाहीये," ते म्हणाले. हे खरं होतं, आणि वेळ काढायला बरंही होतं.

"चष्मा घातलायस की!"

"त्यात नंबर कुठाय, दादा? साधी काच आहे. तूच घालायला लावलास. डोळे तपासणाऱ्याला चष्मा नसेल तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही म्हणालास."

मोठ्यांना हे आठवायला जरा वेळ लागला. मग ते खो खो हसले. "म्हणजे इतकी वर्षं खोटा चष्मा! आणि आता खरा लागला! चल, आज तू खुर्चीत."

मागच्या खोलीत मोठ्यांनी दिवा लावला, धाकट्यांच्या नाकावर जड चौकट चढवली आणि कराराचा कागदच हातात दिला. "वेगळा तक्ता कशाला? हेच वाच." त्यांचे हात या कामातून कधीच गेले होते, भिंग सरकवताना बोट डोळ्यात गेलं. "सॉरी, सॉरी. हं. काय दिसतं?"

"उभय भागीदार... पुढचं लागत नाही."

दुसरं भिंग. "आता?"

"उभय भागीदारांपैकी कोणासही... मुदत संपेपर्यंत..."

"येतंय की! हे बघ, हे पहिलं." भिंग निघालं, दुसरं आलं. "आणि हे दुसरं. पहिलं बरं, की दुसरं?"

समोर आरशात उलटा तक्ता सुलटा दिसत होता आणि त्याखाली चौकट घातलेला एक म्हातारा होऊ घातलेला माणूस, त्याच्यावर वाकलेला दुसरा. हा प्रश्न अखेर कोणीतरी त्यांना विचारला होता.

"दादा."

"हं?"

"दुसरं..."

"दुसरं बरं?"

"नाही, दुसरं एक बोलायचं होतं."

"बोलू रे. आधी हे सांग, मी भिंग धरून उभा आहे. पहिलं, की दुसरं?"

खिशात फोन थरथरला. झिपऱ्याच असणार. दुसरं कोणी त्यांना या वेळी फोन करत नसे. मोठे भिंग धरून वाट बघत होते, हात किंचित कापत होता, आणि तो कापणारा हात धाकट्यांना फार जवळून, फार स्पष्ट दिसत होता. फोन थरथरत राहिला. मग थांबला.

"सारखंच," धाकटे म्हणाले.

"झालं तर मग! दीड नंबर." मोठ्यांनी पाठीवर थाप मारली. "हं, काय बोलायचं होतं?"

"काही नाही. चहा सांगूया का?"

सही त्यांनी ती चौकट नाकावर असतानाच केली, अक्षर एरवीपेक्षा सुबक आलं. मग मोठ्यांनी पुढच्या कपाटातून दोन फ्रेमा काढून धरल्या. "खरा चष्मा करू आता तुला. ही बरी, की ही?"

"कुठलीही," धाकटे म्हणाले, आणि मोठ्यांना आपला भाऊ परत मिळाल्यासारखं वाटलं.

घरी बायकोने काही विचारलं नाही. वाढताना एवढंच म्हणाली, "नवा चष्मा बरा दिसतोय." झिपऱ्याचा फोन पुन्हा आला नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे तो समजला असावा. यादी फोनमध्ये तशीच राहिली, दहाच्या दहा गाणी, नंबरवार.

पुढे करारातील अटींनुसार शेजारील गाळ्याचा ताबा रीतसर घेण्यात आला. उभय भागीदारांच्या संमतीने पुढील भागात फ्रेमांची नवी कपाटे व मागील भागात तपासणीची स्वतंत्र, प्रशस्त खोली योजण्यात आली. खोली मोजली तेव्हा अकरा फूट भरली. आरसा तिथेही लागला.