दादांची उघडी कुलपं

आमच्या पडवीत एक तार बांधलेली आहे. लोकांकडे अशा तारेवर टॉवेल वाळतात, आमच्याकडे कुलपं लोंबतात. पितळी, लोखंडी, चपटी, पोट सुटलेली, आणि सगळी उघडी. नवा माणूस आला की आधी तारेकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकतो. मी विमा एजंट आहे. समोरच्याला जराशी भीती वाटत असली की आमचं काम सोपं होतं, त्यामुळे ती तार काढा असं मी कधी म्हटलं नाही.

कुलपं वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली. तिथे किल्ल्या हरवायच्या आणि साहेब लोक हातोडी मागवायचे. दादांना हातोडी सहन व्हायची नाही. कुलूप फोडणं म्हणजे बोलायला तयार असलेल्या माणसाच्या थोबाडीत मारणं, असं काहीसं त्यांचं मत. छत्रीची काडी घेऊन ते तासभर कुलपाशी बसत, पण उघडल्याशिवाय उठत नसत. निवृत्तीनंतर हा नाद वाढला. काष्टीच्या आठवडे बाजारात बाकीचे म्हातारे बैलांचे दात बघत, तेव्हा दादा भंगारवाल्याच्या पोत्यापुढे उकिडवे बसून कुलपाच्या भोकात फुंकर मारून बघत.

"आबा, किल्ली न्हाई बरं का त्याला," भंगारवाला सांगायचा.

"किल्ली असती तर घेतलं असतं कशाला?"

गावात कुणाचं कपाट अडलं, ट्रंक अडली, की दादांना बोलावणं यायचं. त्यांचा एक नेम होता. मालक समोर उभा पाहिजे, आणि हात लावण्याआधी दादा त्याला विचारणार, "आत काय हाय, एक वस्तू सांग." मालकाने लग्नातला शालू म्हणावं, नातवाचं टोपडं म्हणावं. मग उघडायचं आणि ती वस्तू आधी दाखवायची. ज्याला आतलं ठाऊक, तोच मालक. बाकी कागदपत्र दादा मानत नसत.

माझ्या कपाटाची किल्ली मी हरवली (दुसऱ्यांना सावधगिरी शिकवणारा मी स्वतः किल्ल्या कायम हरवतो), तेव्हा पोटच्या पोरालाही त्यांनी सोडलं नाही.

"आत काय हाय?"

"कागद."

"कसले?"

"पॉलिसीचे हो, दादा."

"कुनाच्या?"

मला एकही नाव धड आठवेना. मागून बायको म्हणाली, "दादा, राहू द्या. हे मालक नाहीत, नुसते एजंट आहेत."

आता आईचं सांगितलं पाहिजे, कारण दादांचं आणि कुलपाचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. आईचं माहेर शिंगणापूर. तिथली रीत सगळ्यांना ठाऊक आहे: शनिदेवाचा पहारा, म्हणून घराच्या चौकटीला दार नाही. कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवायची, झालं. आई अशा घरात वाढली आणि लग्न होऊन कारखान्याच्या चाळीत आली. तिथे दार होतं, कडी होती, आणि आईला तिचं करायचं काय ते माहीत नव्हतं. दादा ड्युटीला गेले की ही दार सताड टाकून खुशाल झोपायची. चाळीत ऊसतोडीच्या हंगामात कोण कुठला माणूस फिरेल याचा नेम नसे. दादा रोज निघताना सांगत, "कडी लाव." आई "व्हय" म्हणायची आणि लावायची नाही. मग मधल्या सुट्टीत दादा सायकल मारत घरी येऊन दार बघून जायचे. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "काय बाई लळा! डब्यापेक्षा बायको बघायला पळतोय." दादा लाजेने लाल, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल.

हा किस्सा आई आम्हाला हसत हसत सांगायची. "त्यांना कुलपाचं सगळं गुपित कळलं," म्हणायची, "म्हनून त्यांनाच लई भ्या. मला काय बी कळत न्हाई, मी निवांत." आणि दादा तिच्याकडे न बघता म्हणायचे, "निवांत ऱ्हातीस ती माझ्या जिवावर."

दोन-तीन वर्षांपूर्वी दादांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग आठवड्याचे वार, मग जेवल्याचं. त्याचं काही वाटलं नाही, घरात किल्ल्या विसरणारा मी आधीपासून होतोच. पण मग ते दुपारी उठून चालू लागले. आमचं घर मोठ्या रस्त्याला लागून. हंगामात तिथून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, आणि मागच्या ट्रॉलीला ब्रेक असला तर तो देवाच्या हवाली असतो. एका दुपारी एका ट्रॅक्टरवाल्याने दादांना दंडाला धरून आणलं. "दोन ट्रॉल्यांच्या मधून निघाले हो," म्हणाला. "वरडलो, तर म्हनले, उशीर झालाय."

कशाला उशीर झालाय हे विचारलं की दादा रस्त्याकडे हात करत. आम्ही समजलो, ड्युटी. मी समजावलं, "दादा, तुम्ही रिटायर झालात. कारखान्याने नारळ, शाल, सगळं दिलंय." ते ऐकून घेत आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा चपला घालत.

शेवटी मी कंपाउंडच्या फाटकाला आतून कुलूप घातलं. आईने दोन घास कमी खाल्ले आणि एवढंच म्हणाली, "मानूस कोंडायला कुलूप लावत्यात व्हय रे?"

तिची काळजी फुकट होती. दादांनी ते कुलूप दुपारच्या चहाच्या आत उघडलं, तारेवर अडकवलं आणि निघाले. मी फाट्यावरून त्यांना स्कूटरवर घेऊन आलो. मग दुकानदाराला विचारून भारी कुलूप आणलं. ते उघडायला त्यांना दोन दुपारी लागल्या. मग त्याहून भारी. बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना कोंडत नाही आहात. खेळणी आणून देताय." खरंच होतं ते. फाटकापुढे स्टूल घेऊन बसलेले दादा मला पूर्वीसारखे दिसायचे. मान तिरकी, डोळे मिटलेले, सगळा जीव बोटांत. नातेवाइकांची नावं गेली होती, पण बोटं काही विसरली नव्हती. ते तिथे बसले आहेत तोवर रस्त्यावर नाहीत, एवढ्या हिशोबावर आमचा तो हिवाळा निघाला. तार भरत चालली. प्रत्येक नवं कुलूप आणताना मी प्रार्थना करायचो की हे टिकू दे, आणि आतून वाटायचं, नको टिकू दे.

मग एके दिवशी घाईत मी एक जुनं कुलूप लावलं. घरातलंच, किल्ली असलेलं, छोटं, कधीकाळी दादांनी चहा पिता पिता उघडलेलं. दुपारी ते फाटकाशी गेले. मी पडवीत कागद चाळत होतो. बराच वेळ झाला तरी खुट्ट झालं नाही म्हणून वर पाहिलं. दादांच्या हातात काडी होती, पण ती वाकड्या टोकाकडून धरलेली. कुलूप तळहातावर घेऊन ते नुसते बघत होते. मरून पडलेलं पाखरू बघावं तसं.

मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने बाजूला सरकले.

"पाव्हनं, जरा मदत करता का? किल्ली हरवली माझी."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहोजाहो केलं. जे तोंडात आलं ते त्यांचंच होतं.

"आत काय आहे, एक वस्तू सांगा."

त्यांना प्रश्न आवडला. मान डोलावली, थोडा विचार केला. रस्त्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "आत माझी मंडळी हाय. नवी हाय अजून. दाराला कडी लावीत न्हाई ती. किती सांगितलं. एकटीच हाय, म्हनून उशीर नको."

म्हणजे इतके महिने ते जात नव्हते. परतत होते. मधली सुट्टी झाली होती आणि दादा घरी दार बघायला निघाले होते, आणि मी त्यांना त्यांच्याच घराबाहेर कुलूप घालून ठेवत होतो.

माझ्या खिशात किल्ली होती. कधी नव्हे ती सापडली. फाटक उघडलं, दादांचा हात धरून रस्त्यावर आलो, ट्रॅक्टर जाऊ दिला, आणि तिथूनच वळून त्यांना म्हणालो, "हे बघा, आलं घर." आम्ही आत शिरलो. आई घरात खाली बसून मेथी निवडत होती. दार सताड उघडं, नेहमीसारखं.

दादा उंबऱ्यात थांबले. धापा टाकत होते.

"कडी लाव म्हनलं व्हतं का न्हाई?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली, दादांना आत घेतलं, दार लोटलं, आणि कडी लावली. कडी गंजलेली होती. तिला दोनदा जोर करावा लागला.

"लावली बरं का," आई म्हणाली. "जावा आता कामाला निवांत."

दादा भिंतीला टेकून बसले आणि तिथेच झोपले.

पुढे थोडे दिवस आम्ही रोज दुपारी ती फेरी केली, फाटकाबाहेर जाऊन परत घरी. मग दादा खाटेवरून उठेनासे झाले. फाटकाला आता कुलूप नसतं. ते छोटं कुलूप माझ्या कपाटात आहे, तारेवर लावायला हात धजत नाही.

आई मात्र रोज दुपारी कडी लावते, दादांना ऐकू जाईल अशी, जोरात. मी बाहेरून येतो, दार वाजवतो, आणि आतून ती विचारते, "कोन हाय?" जन्मात हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता.