तळघरातले ‘काळजी घ्या’

आमच्या इमारतीची लिफ्ट सांभाळणारा मेकॅनिक हा अतिशय मृदू माणूस आहे. जिन्यात भेटला तर भिंतीला चिकटून वाट देतो, माझी पिशवी न विचारता उचलतो, आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते सात तळघरात रेडा कापल्यासारखा ओरडतो. त्याला सगळे ‘घसा’ म्हणतात. बायकोसुद्धा.

त्याचा हेवी मेटल बँड आहे. ड्रम वाजवते प्रसूतिगृहातली नर्स. दिवसभर बाळांना पहिला टाहो फोडायला लावून तिचं समाधान होत नसावं. गिटार शिंप्याकडे. आणि क्लॅरिनेट घशाच्या सासऱ्यांकडे, कारण जावई घराबाहेर काय करतो हे पाहण्याचा याहून सोयीचा मार्ग त्यांना सापडला नाही. त्यामुळे मध्येच अंगाई लागते, अंगाईतून वॉल्ट्झ निघतो, आणि वॉल्ट्झवर कोणीतरी पत्र्याचं कपाट ढकलून देतं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी मला सहा वर्षं पियानो शिकवला होता. त्या आज नाहीत, हे बरंच आहे.

बँडचं नाव ‘काळजी घ्या’. त्यांच्या काळ्या शर्टांवर एक कवटी आहे. ती हसते आहे. गाण्यांचे शब्द मी घशाकडून लिहून घेतले. एक आहे ‘ऊठ, तोंड धू’. दुसरं ‘आईला फोन केलास का’. तिसऱ्यात बारा वेळा ‘पाणी पी’ येतं.

“एवढं चांगलं सांगायचंय, तर चांगल्या आवाजात सांग ना,” मी म्हटलं.

“आजी, चांगल्या आवाजात सगळेच सांगतात. ऐकतं कोण?”

विसाव्या वर्षी तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता. वर्षभर पाय वजनाला बांधून इस्पितळातल्या पलंगावर. भेटायला येणारे सगळे हळू आवाजात बोलायचे, जणू तो गेलाच आहे. तेव्हा शेजारच्या पलंगावरचा पोरगा हे कर्कश संगीत लावायचा. “त्या वर्षात माझ्याशी मोठ्याने बोललेलं तेवढंच,” घसा म्हणाला.

तर, तळघरातल्या या तालमीच्या खोलीवर संकट आलं. आधी तीन जागांवरून त्यांना हाकललं होतं. ही गेली तर बँड संपला. तक्रार केली तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या बाईंनी. पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका. नुसत्या ‘गप्प बसा’ने तीन वर्ग एकदम शांत करायच्या. निवृत्तीनंतर ते काम त्यांनी इमारतीवर चालू ठेवलं. चार पानी अर्ज, रविवारी सहाला सभा, वाचन स्वतः बाई करणार.

शनिवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी, लिफ्ट बंद पडली. आत मोठ्या बाई.

बंद का पडली? शिंप्याने नवा अँप्लिफायर आणला होता आणि घशाने त्याची वायर थेट लिफ्टच्या बोर्डावरून ओढली होती. सगळ्या गावाच्या लिफ्टा दुरुस्त करणाऱ्याने स्वतःची पाडली ती अशी.

मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होते. लिफ्टच्या दाराच्या काचेतून मला, बरोबर डोळ्यांसमोर, बाईंच्या चपला दिसत होत्या. घसा माझ्यासमोरून धडाधड जिने चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला, मागून शिंपी. नुसतं बटण वर करून लिफ्ट सोडायची नाही, आधी हाताने चाक फिरवून मजल्यावर आणायची, हा त्याचा नियम. दुसरा नियम, अडकलेल्या माणसाला शांततेत ठेवायचं नाही.

दोरांच्या भोकांतून त्याचा आवाज खाली आला. “बाई, घाबरू नका! मी बोलत राहतो!”

“बोलू नकोस! बाहेर काढ मला!”

“काढतोय! तोवर ओरडा!”

“काय?”

“भीती आत ठेवू नका! ओरडा! पण पोटातून, गळ्यातून नको!”

बाईंनी एवढं आयुष्य गळ्यातूनच काढलेलं. त्यांनी सर्वांत सरावाचं तेच ओरडायला घेतलं. “गप्प बस!”

“छान! पुन्हा!”

“गप्प बस!!”

“अजून मोठ्याने, बाई!”

हे सतरा मिनिटं चाललं. घशाचे सासरे क्लॅरिनेट काखेत घेऊन माझ्याजवळ आले, कान लावला आणि म्हणाले, “सुरात आहेत हो.”

रविवारी सभेला सगळे हजर, टेबलावर चहाचे कप. विषय निघण्याआधीच घसा उभा राहिला. “कालची चूक माझी. वायर मी ओढली होती. लिफ्ट माझ्यामुळे अडकली.” नर्सने कपाळावर हात मारला. अशी संधी मोठ्या बाईंना पस्तीस वर्षांत कुणी दिली नसेल. त्या उठल्या, चष्मा लावला, तोंड उघडलं.

फुस्स झालं. सायकलची हवा जाते तसं.

डॉक्टरांनी आठ दिवस बोलायला बंदी केली आहे, असं त्यांनी खुणेने सांगितलं. मग त्या खाली बसल्या, घशाकडे एकदा पाहिलं. पेन काढलं, शेवटच्या पानावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि अर्ज माझ्या हातात दिला.

मी चारही पानं सगळ्यांना वाचून दाखवली. कर्कश, असह्य, असंस्कृत, सगळं होतं. शेवटी ‘सदर खोली ताबडतोब रिकामी करून घ्यावी’ यावर रेघ होती. खाली नवं अक्षर, तितकंच वळणदार: ‘वायर वेगळी घ्यावी. दार लावावे. पोटातून म्हणजे नक्की कुठून, ते दाखवावे.’

घशाने ते अगदी गंभीरपणे घेतलं. तिथेच पुढे आला, बरगड्यांखाली हात ठेवला, “इथून, बाई,” म्हणाला, आणि दाखवलं.

डायरीत मी त्या दिवसापुढे लिहिलं आहे: सभा सहा वाजून बावीस मिनिटांनी बरखास्त. खोली राहिली. कप फुटले, दोन.